वेदच्या मुंजीचे तीन तास

एजवेअर, लंडन
२ सप्टेंबर २००६

प्रिय वरदा,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम टाइप करून चिकटवला आहे. माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं असतंस, आणि तुला दोषही देता आला नसता. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मध्ये एक-दोनदा फाडावंसं वाटेल. तेव्हा उठून चहा कर आणि परत ये.

आधी इकडची खबर. शैलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये झालं. आता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येते आणि आल्यावर मलाच म्हणते, तुम्ही किती दमलात हो. हॉस्पिटलमध्ये ती तुझ्या फोनची वाट बघत होती. तोंडाने म्हणाली नाही, पण मोबाइल उशाशीच होता आणि चार्ज संपला की नर्सला हाक जायची. तू फोन केला नाहीस. का केला नाहीस ते मला माहीत होतं, तिला नव्हतं. मी शेजारच्या खुर्चीत बसून तिच्यासाठी आलेली द्राक्षं खात होतो आणि गप्प होतो. हे वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं आहे, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याची जातकुळी हीच आहे.

माझ्या कानांची तू आणि रवी लग्न नवीन असताना थट्टा करायचात. बाबांना शेजाऱ्यांचा टोस्ट उडालेलासुद्धा ऐकू येतो, म्हणायचीस तू. हे कान मी कमावलेले आहेत. एकोणसत्तर साली आलो आणि पहिली आठ वर्षं हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत काढली. आपल्याच मराठी डॉक्टरांचे पांढरे कोट मी धुतले. ते लिफ्टमध्ये भेटले की मला इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हणायचे आणि लगेच आपसात मराठीत बोलायला लागायचे. गाडा ढकलणाऱ्या माणसाला मराठी येत असेल अशी शंकासुद्धा कुणाला यायची नाही. कोण कुणाच्या बढतीवर टपला आहे, कुणाची बायको परत जायचं म्हणते आहे, सगळं मला तळमजला ते चौथा मजला एवढ्यात कळायचं. पुढे स्वतःचं ड्रायक्लीनिंगचं दुकान काढलं, एकाची चार झाली, ती मशिनांपेक्षा या कानांवर झाली. माणूस काउंटरवर कोट टाकतो आणि सोबत दोन वाक्यं टाकतो. त्यातलं दुसरं खरं असतं. कुणाचं घर मोडायला आलं आहे ते मला त्यांच्या सॉलिसिटरच्या आधी समजतं. नवरा-बायकोचे कपडे वेगवेगळ्या तिकिटांवर यायला लागतात. तुमचे २००३च्या ख्रिसमसपासून यायला लागले होते.

त्यात कुणाची चूक किती, हे आज उकरत नाही. रवी माझा मुलगा आहे, आणि त्याला हरणं सोसत नाही हे मी त्याच्या शाळेच्या स्पोर्ट्‌स डेपासून बघतो आहे. तू काही कमी हट्टी नाहीस. मोठ्यांचं मोठ्यांनी बघावं. पण डिव्होर्सनंतर मुलं एक वीकेंड आड इथे यायला लागली, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. सहा वर्षांचा वेद पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला होता आणि कुजबुजल्यासारखा बोलायचा, जणू घरात कुणीतरी आजारी आहे. तनूने आमच्या फ्रिजवर एक टाइमटेबल लावलं, हिरव्या पेनाने आईचे दिवस, निळ्या पेनाने डॅडचे. मधल्या प्रवासाच्या तासांना तिने रंगच दिला नव्हता. नऊ वर्षांची पोर मला विचारायची, आजोबा, तुला थकायला होतं का आमच्यामुळे? मी नकला करायचो, इंग्लिश गिऱ्हाइकांच्या, गुजराती गिऱ्हाइकांच्या, तुमच्या मेडनहेडच्या त्या वाकड्या शेजारणीच्या. तेवढ्यापुरती हसायची दोघं. माझ्याशिवाय कुणाकडेच हसत नाहीत, याचा मला अभिमान वाटायला लागला. अशा वेळी माणसाने सावध व्हायला हवं. मी झालो नाही.

मुंजीचं खूळ माझंच. वेदला आठवं लागलं होतं, मुंज हॉलमध्ये थाटात व्हायला हवी, मंडळाची सगळी माणसं यायला हवीत. त्यातल्या निम्म्यांना तुमचा डिव्होर्स माहीत नव्हता, आणि उरलेल्यांना माहीत नसल्याचं दाखवायची हौस होती. गुरुजींना तर मी काहीच सांगितलं नव्हतं. आई-बाप शेजारी बसल्याशिवाय मुंज लागत नाही, असं मी तुला फोनवर म्हणालो.  मग एक अट घातलीस. बारा वर्षांत तू माझ्याकडे पहिल्यांदा काही मागत होतीस, म्हणून शब्दन्‌शब्द लक्षात आहे.

"मुलं तुमचं ऐकतात, बाबा. त्यांना आधी नीट सांगा. तीन तास आम्ही शेजारी बसणार आणि मग आपापल्या घरी जाणार. रवीने सांगितलं तर त्यात टोमणा येईल, मी सांगितलं तर मला रडू येईल. तुम्ही सांगा."

मी सांगतो म्हणालो.

एप्रिलमधल्या त्या शुक्रवारी दुपारी मुलांना मेडनहेडहून मीच आणलं. सांगायला चाळीस मिनिटं होती, गाडीत आम्ही तिघंच. मोटरवे लागल्यावर तनूनेच विषय काढला. आई आणि डॅड एकाच पाटावर बसणार का? म्हटलं, दोन पाट, पण शेजारी शेजारी.  आणि मग नंतर? मी आरशात पाहिलं. वेदचा हात क्रिस्पच्या पाकिटात तसाच थांबला होता.

मी म्हणालो, "नंतरचं बाप्पाच्या हातात. तुम्ही मनापासून मागा."

त्या दोन चेहऱ्यांवर जे आलं ते मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. मला दया आली म्हणून मी तसं बोललो, असं आजवर स्वतःला सांगत आलो, आणि अर्धं ते खरंही आहे. उरलेलं अर्धं असं, की रवी त्याच्या तीन आठवडे आधी आमच्या बागेत मोबाइलवर बोलत होता. पलीकडे देविका होती, ग्लासगोची डेंटिस्ट. नोव्हेंबरमध्ये रजिस्ट्री ऑफिसात लग्नाची तारीख मिळते आहे, असं तो म्हणत होता. मी किचनची खिडकी पुसत होतो. मला सगळं माहीत होतं, वरदा. माहीत असताना मी त्या पोरांना मागा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैला रांगोळीसाठी लवकर हॉलवर गेली. तनू परकर-पोलकं घालून माझ्याकडे आली आणि विचारलं, आईचं मंगळसूत्र आजीकडे आहे ना? तू ते परत दिलं होतंस, तुमची वस्तू म्हणून, आणि शैलाने कपाटात चांदीच्या डबीत ठेवलं होतं. तू आजपर्यंत समजते आहेस की शैलाने पोरीला पढवलं. त्या दिवशी हॉलमध्ये तू तिच्याकडे जी नजर टाकलीस ती मी पाहिली, आणि तेव्हापासून तू तिच्याशी बोलली नाहीस. शैलाला डबी उघडल्याचंच तिथे, सगळ्यांच्या समोर कळलं. किल्ली मी लावली. तनूच्या मण्यांच्या पर्समध्ये ते मी ठेवलं आणि पर्सची चेन मी ओढली. रवीला वाटलं तूच आणलं असशील. शैलाने दोनदा विचारलं, तर मी म्हणालो, पोरांचं काय, सापडलं असेल खेळताना.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या जागेवरून कसं दिसलं ते सांगतो. गुरुजी बिचारे स्लाऊहून आलेले, सरळ मनाचे. दीडशे माणसांपुढे म्हणाले, वहिनी, गळा मोकळा नको, मंगळसूत्र घाला. मागे कुणीतरी थर्मास बंद केला तेही मला ऐकू आलं. तू गोरीमोरी. आणि तनू उठली, पर्स उघडली, दोन्ही हातांनी पुढे केलं. "घे आई." तू रोज माणसांना भूल देतेस, तुझे हात कापत नाहीत. फासा अडकवायला तुला तीन प्रयत्न लागले. मग गुरुजी म्हणाले हाताला हात लावा, आणि तू दोन बोटं रवीच्या कोपराला टेकवलीस. तनू माझ्याकडे वळून हसली.

मातृभोजनाला वेद तुझ्या ताटात जेवला. दोन वाट्या शिरा. पंगतीतल्या मुलांना तो मोठ्या आवाजात, आपल्या जुन्या आवाजात सांगत होता, दॅट्‌स माय मम अँड डॅड. तनूला मात्र जेवायला सवड नव्हती. मला येऊन विचारून गेली, डॅडचं टेबल अजून मेडनहेडच्या लॉफ्टमध्येच आहे ना, ते खाली आणायला दोन माणसं लागतील का तीन.

तीन वाजता कारपार्कमध्ये तू मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलंस. शैलाच्या नाही, माझ्या. हळू आवाजात म्हणालीस, "हे पुन्हा माझ्या मुलीच्या हातात देऊ नका." तुला वाटलं मुलं आत आहेत. वेद होता आत. तनू माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसली होती, काच खाली करून. तुझी गाडी गेटबाहेर वळेपर्यंत ती बघत राहिली.

मी गाडीत बसलो. ती रडली नाही. तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, तुला माहीत होता ना?"

इथे मला सगळं सावरता आलं असतं. हो, मला माहीत होतं, माझं चुकलं, आईने मला तुम्हाला सांगायला सांगितलं होतं. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मी काय करणार, बाळा? डॅडने काढलं का? आईनेच काढलं ना?"

का म्हणालो, ते आता लिहितो. पंच्याण्णव सालची दिवाळी. तू आमच्या किचनमधून पुण्याला तुझ्या आईशी फोनवर बोलत होतीस. मी मागच्या दाराशी बूट काढत होतो. तू म्हणालीस, माणसं चांगली आहेत गं, पण शेवटी धोबीच, घरात सगळ्यांना इस्त्रीचा वास येतो. आणि हसलीस. तू लहान होतीस, सव्वीस-सत्तावीसची, तिकडची आठवण येत असेल, आईला हसवायचं असेल. मला त्या कामाची लाज कधी वाटली नाही, आजही नाही. पण ते हसू लिफ्टमधलं होतं. मी बूट नीट लावून ठेवले, आत आलो आणि जेवायला काय आहे विचारलं. त्यानंतर डिव्होर्स होईपर्यंत तुझे सगळे कोट मी स्वतः इस्त्री केले, दुकानात कुणाला हात लावू दिला नाही. तू ते प्रेम समजलीस, चारचौघांत कौतुक केलंस. मी निखारा फुंकत होतो. त्या दिवशी गाडीत तो बाहेर पडला, आणि तुला लागायच्या ऐवजी तुझ्या पोरीला लागला. खरं सांगू? तुला लागेल हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. तिच्यामधून लागेल, हेही.

त्यानंतर तनू तुझ्याशी बोलायची थांबली. जेवण खोलीत नेते, तुला 'शी' म्हणते, वाढदिवसाला तू आणलेली सायकल तिने पावसात ठेवली, हे सगळं मला वेद सांगायचा. पहिला महिनाभर मला बरं वाटलं. कशाला खोटं लिहू. वेद इथे आला की सकाळी आंघोळ करून बसतो आणि मी शिकवलेला गायत्री मंत्र म्हणतो, बोटांवर मोजत. मेमध्ये त्याने मला विचारलं, आजोबा, किती झाले की येतात परत? मी म्हणालो, असं मोजायचं नसतं. आकडा सांगितला असता तर तो कधीतरी संपला तरी असता.

मग रवीने ग्लासगोची नोकरी घेतली आणि मुलं आपल्याकडे राहावीत म्हणून कोर्टात अर्ज टाकला. जुलैमध्ये कोर्टाची बाई मुलांशी एकेकटं बोलून गेली. तनूने सांगितलं, मला ग्लासगोला जायचं आहे. आणि तीन आठवड्यांपूर्वी वेदने मला जिन्यातून ऐकलेलं सांगितलं. त्याचेही कान माझ्यावर गेलेत. तू सॉलिसिटरला फोनवर म्हणालीस, मुलांना मी नको असेन तर मी ओढाताण करणार नाही, त्यांना जाऊ दे.

त्याच शनिवारी रवी पुन्हा बागेत फोनवर होता. देविका विचारत असावी की दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मुलं झोपणार कुठे. रवी म्हणाला, आधी ती हरू दे, मुलांचं मग बघू, बोर्डिंग स्कूल आहेच की तिकडे. त्या बाईला बोल लावत नाही, तिने प्रश्न बरोबर विचारला होता. मी माझ्या मुलाचं उत्तर ऐकलं, आणि त्यात मला माझाच आवाज ऐकू आला.

गेल्या रविवारी मुलांना पार्कमध्ये नेलं. वेद झोपाळ्यावर होता. बाकावर बसून तनूला सगळं सांगितलं. तुझी अट, माझा शब्द, बागेतला फोन, डबीची किल्ली. ती ज्यूसच्या बाटलीवरचं लेबल सोलत ऐकत होती. मला वाटलं, आता ओरडेल, किंवा गळ्यात पडेल. म्हातारी माणसं अशी स्वप्नं बघतात. ती म्हणाली, पण मी लेडीला सांगितलं आहे.

काय सांगितलंस? तर ती बाई सारखी विचारत होती, आईवर राग का, का. तनूने तिला खरं तेच सांगितलं, आईने मंगळसूत्र काढलं. बाई म्हणाली, तुझ्या आईने तिचा नेकलेस काढला? आणि वाट बघत बसली, पुढे काहीतरी असेल म्हणून. "लेडीला कळलंच नाही, आजोबा. ती लिहीतच नव्हती. मग मी दुसरा सांगितली. आई म्हणते, तू जन्मली नसती तर बरा. ते ती लगेच लिहिली."

तू असं कधी म्हणाली नाहीस, हे तिला माहीत आहे. मी म्हटलं, आता खरं सांगू या. ती म्हणाली, आता बदललं तर मी लायर होणार, मग माझं कुणीच ऐकणार नाही, वेदचंही नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई नाही केली, तर मग मी कोणावर अँग्री होऊ?"  घरी परतताना ती मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली. वेदने माझ्याकडे नकला मागितल्या. मी केल्या.

सोबत चार पानं इंग्रजीत आहेत. काल सकाळी इथल्या एका सॉलिसिटरपुढे शपथेवर सही केली आहे. मंगळसूत्र म्हणजे काय हे त्यात अर्धं पान लिहिलं आहे, त्या बाईला या वेळी कळेल असं. बागेतले रवीचे दोन्ही फोनही आहेत. चौदा तारखेला सुनावणी आहे, त्याच्या आत तुझ्या सॉलिसिटरकडे दे, आणि जाऊ दे वगैरे पुन्हा म्हणू नकोस. रवीला अजून माहीत नाही. कळलं की तो या घरात पाऊल ठेवणार नाही. शैलाला हे पत्र आता वाचून दाखवणार आहे, मग पोस्टात टाकणार. कोर्ट कदाचित म्हणेल की या माणसाने मुलांना भेटू नये. त्याला विरोध करू नकोस, आणि मी फोन केला तर उचलू नकोस. मी गोड बोलून पुन्हा आत शिरेन, मला ते फार चांगलं जमतं. फक्त तनूला तिच्या प्रश्नाचं उत्तर दे. सांग, आजोबांवर राग कर. आईवर नको, डॅडवर नको, स्वतःवर तर मुळीच नको. खोटं आजोबांनी तुझ्या तोंडात घातलं आणि तसं त्यांनी सही करून लिहून दिलं आहे. मुलांना राग ठेवायला एक जागा लागते, आणि ती आई-बापांपैकी कुणी नसेल तर ती पोरं पुढे जगू शकतात, एवढं मला आता कळतं. वेदला सांग, बाळा, मागणं थांबव, ते होणार नाही, कधीच होणार नाही. हे एप्रिलमध्ये मी सांगायचं होतं. तो खूप रडेल. मध्ये पडून काही गोड सांगू नकोस, रडू दे. रडून झालं की तो विचारेल, मग आपण शनिवारी काय करायचं. तेव्हा तू तिथे अस, आणि खरं तेच सांग, पोहायला जायचं असेल तर पोहायला.

तुझा म्हणवून घ्यायचं आता काही उरलं नाही, म्हणून नुसता,
तनू-वेदचा आजोबा
पुरुषोत्तम